बोगद्यात चढलेला काटा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. वाडा-कुंभरोशीच्या थोडं अलीकडे बाबांनी डॅशबोर्डकडे बोट केलं. "अगं, टेंपरेचरचा काटा बघ." नेहमी मधोमध, किंबहुना मध्याच्या जरा खालीच राहणारा काटा लाल पट्टीला टेकायला आला होता. नोव्हेंबर २०२२, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, दरीत अंधार उतरत होता आणि घाटाचा बराच चढ अजून बाकी होता.

गाडी १९९८ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, नंबर एमएच-११. बाबांनी घेतली तेव्हा मी दहावीत होते, आणि गाडी चालवायला याच गाडीवर शिकले. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी करून, कर भरून आम्ही ती ठेवली आहे, ती भावनेपोटी तर आहेच, पण ती रोज चालते म्हणूनही. त्यामुळे तो काटा वर गेलेला पाहून माझ्या पोटात गोळाच आला. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, एकदा तापून वाकलं की पुढे काय काय होतं, हे मी एका मैत्रिणीच्या गाडीबाबत पाहिलं होतं.

रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. हेडलाइट बंद केले, फक्त चारी इंडिकेटर लावले, बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण ते एकदम बंद केलं की पंपही थांबतो आणि आतलं गरम पाणी जागच्या जागी राहतं. खरोखर उकळत असतं तर लगेच बंद करावं लागलं असतं. पण वाफ नव्हती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, तो गोडसर वासही नव्हता. बाजूच्या पांढऱ्या टाकीत बुडबुडे नव्हते, पातळी दोन खुणांच्या मधे. रेडिएटरच्या झाकणाकडे माझा हात नुसता वळला तरी बाबा ओरडले, आणि ते बरोबरच होतं. त्या झाकणाखाली दाब असतो. गरम इंजिनावर ते उघडणं म्हणजे तोंड-हात भाजून घेणं.

दोनेक मिनिटांत काटा खाली आला. निघालो. एक मिनिटही झालं नसेल, काटा पुन्हा वर. मग मी हीटर पूर्ण लावला. जुन्या गाड्यांची ही माहीत असलेली युक्ती आहे. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो, त्यामुळे काटा उतरायला हवा. तो उतरला नाही. आणखी किंचित वर सरकला. तेव्हा मला ते विचित्र वाटलं, पण त्याचा अर्थ लावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. तीन वेळा थांबत महाबळेश्वर गाठलं, आणि साताऱ्याला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये. तिथल्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि घाटात तापते म्हणजे कूलिंगचंच काम आहे असं सांगितलं. रेडिएटर काढून रॉडिंग केलं, म्हणजे त्याच्या नळ्या सळईने साफ केल्या, पाणी पुरेसं तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट वॉल्व बदलला, नवं कूलंट भरलं आणि शेवटी "सेन्सरपण घालूया ताई, जुना झालाय," म्हणून टेंपरेचरचा सेन्सरही बदलला. साडेसहा हजार रुपये झाले. दिवसा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला चक्कर मारली. काटा लाल पट्टीपर्यंत गेला नाही. पण आता तो मध्याच्या चांगलाच वर राहू लागला होता. मिस्त्री म्हणाले, नवा सेन्सर आहे, थोडं वरखाली दाखवतो. मला ते पटलं नाही. सगळं नवं घातल्यावर गाडी आधीपेक्षा गरम कशी राहील?

उत्तराचं टोक हाती लागलं ते तीन आठवड्यांनी, खंबाटकीच्या बोगद्यात. साताऱ्याहून पुण्याला जाताना तो लागायचा. पुण्याहून येताना तेव्हा घाट चढावा लागायचा, हे या रस्त्यावर जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. भर दुपारी बाराची वेळ. बोगद्यात शिरताना हेडलाइट लावले आणि काटा हलायला लागला. बाहेर येईपर्यंत तो लाल पट्टीजवळ होता. हेडलाइट बंद केले, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तो आपल्या जागेवर परतला.

मी पुढे गाडी कडेला घेऊन उभी केली आणि हेडलाइटचं बटण चार वेळा चालू-बंद केलं. चारही वेळा काटा त्याबरोबर वर-खाली झाला. तेव्हा आंबेनळीची ती संध्याकाळ डोळ्यांसमोर नव्याने उभी राहिली. दिवेलागण झाल्यावर काटा चढला होता. थांबल्यावर मी हेडलाइट बंद केले म्हणून तो उतरला. हीटरचा पंखा लावला म्हणून तो आणखी चढला. घाटाचा त्यात काही संबंधच नव्हता. आणि मिस्त्रींनी गाडी प्रत्येक वेळी दिवसाउजेडी चालवून पाहिली होती, त्यामुळे त्यांना ते दिसण्याचं काही कारणच नव्हतं.

तरीही पहिलं काम होतं ते इंजिन खरंच तापत नाही याची खात्री करण्याचं. काटा खोटा आहे असं गृहीत धरून चालवलेल्या गाड्यांचीच इंजिनं शेवटी उतरवावी लागतात. त्यासाठी लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन हवी. घरात कोविडच्या काळातली कपाळावर धरायची गन होती, पण ती माणसाच्या अंगाच्या तापाच्या पलीकडे मोजतच नाही. वर्कशॉपवाली वेगळी मिळते, ती आणली. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन धरली तर आकडा बराच कमी येतो, कारण चकचकीत धातू उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि गन तेच वाचते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर गन धरली. अर्धा तास चालवलेली गाडी, हेडलाइट चालू, काटा लाल पट्टीला टेकलेला, आणि गनचा आकडा ८४. थर्मोस्टॅटवर, तो उघडायला लागतो ते तापमान म्हणून, ८२ कोरलेलं होतं. म्हणजे इंजिन जिथं असायला हवं तिथंच होतं.

आता काट्याकडे. पुढचं सगळं समजायला त्याची रचना थोडी सांगावी लागेल. या काट्यामागे दोन धातूंची एक पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते, म्हणून तो नेहमी सावकाश सरकतो. मीटरमध्ये बॅटरीचे बारा व्होल्ट थेट येत नाहीत. एक छोटा रेग्युलेटर ते कमी आणि स्थिर करून पेट्रोलच्या व टेंपरेचरच्या अशा दोन्ही काट्यांना देतो. तिथून पिवळी-पांढरी एकच वायर इंजिनावरच्या सेन्सरला जाते. सेन्सरला दुसरी वायर नसते. त्याचं पितळी अंगच आट्यांमधून इंजिनाला टेकतं आणि करंट इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. पाणी तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो, करंट वाढतो, काटा चढतो. आणि या गाडीत रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर फिरतो, या सेन्सरवर नाही. त्यामुळे सेन्सर बिघडला तर फक्त काटा बिघडतो.

गेज रेग्युलेटर खराब असता तर पेट्रोलचा काटाही हेडलाइटबरोबर नाचला असता. तो ढिम्म होता. ही गोष्ट मी आधी नुसती लिहून ठेवली. तिचं मोल नंतर कळलं.

रविवारी सकाळी सेन्सरवरची वायर काढली. इग्निशन चालू. काटा पूर्ण खाली गेला, म्हणजे वायर मधे कुठे बॉडीला टेकलेली नव्हती. मग त्या वायरला डॅशबोर्डातला असतो तसला १२ व्होल्ट ३.४ वॉटचा बल्ब जोडला आणि बल्बचं दुसरं टोक इंजिनाला टेकवलं. पुष्कळ जण ही वायर सरळ इंजिनाला टेकवून बघतात. काटा सपकन वर जातो आणि मीटर चांगला आहे असं ठरतं, पण जास्त वेळ टेकवली तर गुंडाळी जळू शकते. बल्ब मधे असला की ती भीती नाही. बल्ब मिणमिणला, काटा मध्याकडे आला. मग हेडलाइट लावले. काटा चढला.

आता सेन्सर या खेळात नव्हताच, तरी काटा चढत होता. म्हणजे सेन्सर सुटला.

यानंतर जे केलं ते मला या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत आवडलेलं काम आहे. बल्बचं टोक इंजिनावरून काढून बॉडीच्या एका स्वच्छ बोल्टला टेकवलं. बाकी सगळं तेच. हेडलाइट लावले. काटा जागचा हलला नाही. पुन्हा इंजिनाला टेकवलं, हेडलाइट लावले, चढला. मी बाबांना हाक मारून हे दाखवलं. ते आयुष्यभर वीज मंडळात होते. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, "इंजिन आणि बॉडी यांची अर्थिंग एक नाही राहिलेली."

तेच होतं. बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल माझ्या गाडीत थेट इंजिनाला जाते. हेडलाइट, हीटरचा पंखा, वायपर, मीटर, पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट हे सगळं बॉडीला अर्थ केलेलं. बॉडीतला करंट इंजिनाकडे परतायचा तो मधल्या जोडणीतून. ती कच्ची झाली की जास्त करंट ओढताच बॉडी इंजिनापेक्षा व्होल्टभराने वर उचलली जाते. मीटरचा रेग्युलेटर बॉडीला धरून आपले व्होल्ट मोजतो, सेन्सर मात्र इंजिनाला टेकलेला. तेव्हा त्या दोघांच्या मधे ठरल्यापेक्षा जास्त व्होल्ट पडतात आणि काटा खोटा चढतो. पेट्रोलचा फ्लोट मात्र मीटरसारखाच बॉडीला अर्थ, दोघंही एकदमच वर उचलले जातात, म्हणून तो काटा हलत नाही.

मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली. गाडी चालू असताना लाल पिन इंजिनावर ठेवली तेव्हा ०.०२ व्होल्ट आले. बॉडीवर दिवे बंद असताना ०.०८, हेडलाइट लावल्यावर १.४२. वर हीटरचा पंखा आणि वायपर लावले तर १.९ च्या पुढे. हा आकडा दिवे लावूनही ०.१ च्या आसपास राहायला हवा. रोध मोजून हा दोष सापडला नसता, कारण मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.४ ओहम भरत होता आणि दोष त्याहून लहान होता. दहा-बारा अँपियर वाहत असताना पडणारे व्होल्ट मोजले तेव्हाच तो दिसला.

बाबांचा हात सहज ॲक्सिलरेटरच्या केबलला लागला. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याजवळ, ती कोमट होती. इंजिनाकडे जायला नीट रस्ता नसल्यामुळे काही करंट त्या केबलच्या तारेतून जात होता. अशा केबली आतून वितळून अडकल्याच्या घटना होतात, आणि ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीत अडकला तर आंबेनळीसारख्या घाटात काय होईल हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

जंप स्टार्टची एक केबल घेऊन एक चिमटा इंजिन उचलायच्या हुकाला आणि दुसरा बॉडीच्या बोल्टला लावला. वायर पुन्हा सेन्सरवर, हेडलाइट चालू. काटा लाल पट्टीवरून हळूहळू उतरला.

मग शोध. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून जाड केबलच्या जोडीने एक पातळ काळी वायर निघून मडगार्डच्या पत्र्याला जाते. ती तिथं नव्हती. पत्र्यावर तिचा बोल्ट होता, बोल्टाखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) होतं आणि पुढे वीतभर वायर, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. तीन वर्षांपूर्वी बॅटरी बदलताना टर्मिनलही बदललं होतं, तेव्हा कुणीतरी ती कापून बाजूला ठेवली असणार. गाडी एका सेल्फला सुरू होत होती, कारण स्टार्टरचा करंट बॉडीतून जातच नाही, त्यामुळे संशय यायलाही जागा नव्हती. तेव्हापासून बॉडीचा सगळा भार इंजिनामागून फायरवॉलकडे येणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीवर आला होता. ती पट्टी काढली तर टोकाशी हिरवी पडलेली आणि निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. तीन पावसाळे तिने काढले आणि मग हात टेकले.

दुरुस्ती फार थोडी. नवी पट्टी, नवी काळी वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली थिंबलं. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, घट्ट आवळलं, वरून ग्रीस. साहित्याचे साडेतीनशे रुपये झाले. हेडलाइट लावून पुन्हा मोजलं तेव्हा ०.०५ व्होल्ट.

काटा आता दिव्यांबरोबर हलत नव्हता. पण तो अजूनही मध्याच्या वर होता, गन मात्र ८४च सांगत होती. म्हणजे दुसरा दोष उरला होता, आणि तो आमच्या हातांनी आणलेला होता. सुदैवाने जुना सेन्सर मी गॅरेजमधून मागून घेतला होता. थंड गाडीतून नवाही काढला. आईने एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं, विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. दोन्ही सेन्सर तारेने असे टांगले की फक्त टोक पाण्यात, तळाला टेकणार नाही आणि वरची पिन कोरडी राहील. मल्टिमीटरची एक पिन अंगाला, एक पिनेला. पाणी तापताना घेतलेले आकडे उड्या मारतात. गॅस बंद करून पाणी निवताना घेतले की नीट येतात. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९७-९८ ला उकळतं. सर्व्हिसच्या पुस्तकात ५० अंशांना १३३.९ ते १७८.९ ओहम, ८० ला ४७.५ ते ५६.८ आणि १०० ला २६.२ ते २९.३ दिले आहेत. मल्टिमीटरच्या वायरींचे ०.४ वजा करून जुन्या सेन्सरचे आकडे आले: ५० ला १५६, ८० ला ५२, ९७ ला ३०. चोवीस वर्षांचा सेन्सर आणि अजून पुस्तकाबरहुकूम. नव्याचे ८० ला ३८. आटे तेच, पिन तीच, पण आतला मसाला दुसऱ्या कुठल्या तरी मीटरसाठीचा. ८० अंशांनाच तो काट्याला नव्वद असल्याचं सांगत होता.

जुना परत बसवायला मिस्त्रींकडेच गेले. कागदावर लिहिलेले आकडे दाखवले. ते बराच वेळ तो कागद बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, दिवे लावून कधी बघितलंच नाही." आट्यांवर टेफ्लॉनची टेप जाड गुंडाळू नका, अर्थिंग त्या आट्यांतूनच आहे, एवढं मी सांगितलं. त्यांनी टेप न लावता आट्यांच्या वरच्या भागाला थोडं सीलंट लावून बसवला. गळती नाही. नव्या सेन्सरचे पैसे त्यांनी न मागता परत केले.

एक गोष्ट मात्र इथं सांगायलाच हवी, कारण "काटाच खराब होता" एवढंच ऐकून कुणी निश्चिंत होऊ नये. याच सेन्सरची उलटी बाजू जास्त वाईट आहे. कूलंट गळून पातळी फार खाली गेली की सेन्सर पाण्यात न राहता हवेत किंवा वाफेत लटकतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो, तेव्हा आत इंजिन जळत असतं. म्हणून घाटात काटा अचानक उतरला तरी मी थांबते, आणि दर रविवारी थंड गाडीचं झाकण उघडून पातळी बघते.

जानेवारीत महाडला लग्नाला गेलो होतो. येताना मुद्दाम रात्री निघालो. पोलादपूर सोडल्यावर हेडलाइट, हीटर, पंखा सगळं लावलं. वाडा-कुंभरोशीला त्याच जागी थांबलो, काळ्या पट्टीवर गन धरली. ८६. काटा मध्याच्या जरा खाली, पूर्वी असायचा तिथं. बाबा काही वेळ काट्याकडे बघत होते, मग त्यांनी समोर बघितलं. "दिव्यांचा उजेड वाढलाय गं," ते म्हणाले. खरंच वाढला होता. बॉडीत अडकणारे दीड व्होल्ट आता बल्बांना मिळत होते, आणि वळणावरच्या कठड्याचे पांढरे पट्टे लांबूनच दिसत होते.